व्यायाम सुरू करायच्या आधी आपलं शरीर कितपत तयार आहे, हे कसं ओळखायचं?

बोरीकाठची

नमस्कार मंडळी. मी अमळनेरची, वय ४८, शाळेत शिकवते. दिवाळी झाल्यापासून एक विचार डोक्यातून जात नाही. येत्या चैत्रात माझी जाऊ आणि तिच्या माहेरच्या बायका पायी वणीच्या गडावर जाणार आहेत. दरवर्षी आमच्या गल्लीतून पायी जाणारे निघतात. मी त्यांना चहा-फराळ देऊन वेशीपर्यंत सोडायला जाते आणि परत फिरते. या वेळी मलाही जायचंय. शिवाय त्या निमित्ताने रोजचा व्यायाम अंगवळणी पडावा असंही मनात आहे.

अडचण अशी की वह्यांचा गठ्ठा घेऊन शाळेच्या दुसऱ्या मजल्यावर चढले की धाप लागते. वर्गात गेल्यावर दोन मिनिटं बोलता येत नाही. दोन वर्षांपूर्वी असं होत नव्हतं. माझे वडील ५२ व्या वर्षी झटक्याने गेले. शेतातून आले, पाणी मागितलं, आणि तांब्या आणेपर्यंत संपलं होतं. त्यामुळे छातीत जरा धडधडलं तरी मला तेच आठवतं.

घरचे म्हणतात, चालायला काय लागतं, पायात घाल आणि निघ. मैत्रीण म्हणते, आधी सगळ्या तपासण्या करून घे. तुम्ही लोकांनी सुरुवात करताना काय पाहिलं? घरच्या घरी काय कळतं आणि डॉक्टरकडे नक्की कधी जावं?

केळीबाग_रावेर

ताई, चालण्यासाठी तपासणी कशाला? माझ्या वडिलांनी आयुष्यात कधी रक्त तपासलं नाही, ७८ व्या वर्षी अजून केळीची पिलं काढतात. आजपासून घरामागच्या रस्त्याने अर्धा तास चाला. शरीरच सांगतं काय झेपतं ते. जास्त विचार केला की माणूस घरातच बसतो.

पांझराकाठ

केळीबाग भाऊ, घरात बसू नये हे तुमचं म्हणणं शंभर टक्के पटतं. पण "शरीरच सांगतं" याबद्दल मला बोलायचंय, कारण शरीर सांगत असतं आणि आपण भलतंच ऐकतो.

माझा जुना मित्र, आम्ही धुळ्यात एकाच गल्लीत वाढलो. कॉलेजात कबड्डी खेळायचा. वयाच्या ४४ व्या वर्षी त्याने नव्या वर्षाचा मुहूर्त धरून जिम लावली. चौथ्या दिवशी ट्रेडमिलवर छातीच्या मध्यभागी दाटल्यासारखं झालं. थांबला की बरं वाटायचं, पुन्हा पळाला की पुन्हा तेच. हा म्हणायचा, रात्री शेवभाजी तिखट झाली, पित्त आहे. आठ दिवस पित्ताच्या गोळ्या घेऊन पळत होता. नवव्या दिवशी डावा हात जड झाला, घाम फुटला, तेव्हा मीच गाडीत घालून नेलं. मुख्य रक्तवाहिनीत मोठा अडथळा निघाला. स्टेंट टाकला, वाचला.

श्रम केले की येतं आणि थांबलं की जातं, या दुखण्याला पित्त म्हणून सोडून द्यायचं नाही. तिखट खाऊन होणारी जळजळ जिना चढण्या-उतरण्यावर ठरत नाही. हे आपल्या भागात घराघरात सांगायला हवं, कारण आपल्याकडे छातीत काहीही झालं तरी दोष मिरचीला जातो.

आणि ताई, बायकांमध्ये छातीत दुखण्याऐवजी नुसती धाप, जबडा किंवा पाठ दुखणं, मळमळ, एकाएकी आलेला थकवा, असंही दिसू शकतं. तुमची धाप नवीन आहे, दोन वर्षांतली आहे. आधी दाखवून घ्या, मग चाला.

भरीत_पार्टी

शेवभाजीचं नाव काढलं की आम्ही हजर! पण धागा गंभीर आहे, वाचतोय.

चालतंफिरतं

मी जळगावला फिजिओथेरपिस्ट आहे. रोज असेच दोन टोकांचे लोक भेटतात. काहीच न पाहता मॅरेथॉनला नाव देणारे, आणि तपासण्यांच्या भीतीने दहा वर्षं काहीच न करणारे. दुसऱ्या गटाचं नुकसान कमी नाही, म्हणून केळीबाग भाऊंचं मन मला समजतं.

यासाठी एक साधी प्रश्नावली आहे, 'पार-क्यू' नावाची. १९७० च्या दशकात कॅनडात तयार झाली, पुढे सुधारली गेली, आता 'पार-क्यू प्लस' वापरतात. जुनी सात प्रश्नांची आवृत्ती घरी बसून कोणीही सोडवू शकतो. डॉक्टरने कधी हृदयाचा त्रास सांगितला आहे का? श्रम करताना छातीत दुखतं का? गेल्या महिन्यात श्रम न करताही दुखलं का? चक्कर येऊन तोल जातो किंवा शुद्ध हरपते का? हालचालीने वाढेल असं हाडांचं, सांध्याचं दुखणं आहे का? रक्तदाबाची किंवा हृदयाची गोळी चालू आहे का? आणि याखेरीज व्यायाम करू नये असं काही कारण तुम्हाला ठाऊक आहे का?

सातही उत्तरं खरोखर "नाही" असतील तर हळू वेगाने सुरू करायला हरकत नसते, सगळं पॅकेज करत बसायची गरज नाही. एक जरी "हो" आलं तरी व्यायाम बंद असा अर्थ होत नाही. आधी डॉक्टरशी बोला, मग करा, एवढाच. बहुतेक "हो" वाल्यांना व्यायामाचा फायदाच जास्त असतो.

बोरीकाठची ताई, तुमची धाप सातव्या प्रश्नात येते. शिवाय वडील, भाऊ यांना ५५ च्या आत किंवा आई, बहीण यांना ६५ च्या आत हृदयविकार झाला असेल तर तो कुटुंबातला धोका धरतात. वडील ५२ व्या वर्षी कशाने गेले हे नक्की ठाऊक नसलं तरी डॉक्टरला ते आवर्जून सांगा. लोक गोळ्यांची नावं सांगतात, घरातले मृत्यू सांगत नाहीत.

बोरीकाठची

बाकी सहांना "नाही" आहे. सातव्यापाशी मी अडकलेच होते. वडिलांचं कारण कोणी शोधलंच नाही, "झटका आला" एवढंच गावात बोललं गेलं. डॉक्टरांची वेळ घेते. तोवर घरी काय बघू?

रूळावरचा_भुसावळकर

रेल्वेत ३१ वर्षं काढली, ठरावीक मुदतीने आमची वैद्यकीय तपासणी व्हायचीच. त्यातून शिकलेल्या दोन गोष्टी सांगतो.

रक्तदाब मोजायचा तर नीट मोजा. धावत जाऊन, चहा पिऊन, गप्पा मारत मोजलेला आकडा खरा नसतो. अर्धा तास आधी चहा, तंबाखू नको. पाच मिनिटं पाठ टेकून शांत बसा, पाय जमिनीवर सपाट, हात छातीच्या उंचीला टेबलावर. दोन-तीन वेगळ्या दिवशी मोजा. दवाखान्यातला आकडा वारंवार १४०/९० किंवा वर दिसला तर डॉक्टर. बसल्या जागी वरचा आकडा १८० च्या पुढे असेल तर त्या दिवशी व्यायामाचं नावच काढू नका, सरळ दवाखाना गाठा.

दुसरं, नाडी. सकाळी उठल्यावर अंथरुणातच मनगटावर दोन बोटं ठेवा, अंगठा नाही, कारण अंगठ्याला स्वतःचे ठोके असतात. ३० सेकंद मोजा, दुप्पट करा. साधारण ६० ते १०० ठीक. आठवडाभर वहीत लिहा. व्यायाम सुरू झाल्यावर महिन्या-दोन महिन्यांनी हाच आकडा हळूहळू खाली येताना दिसतो, तेव्हा फार बरं वाटतं. मेटोप्रोलॉल, ॲटेनोलॉल अशा रक्तदाब-हृदयाच्या गोळ्या चालू असतील तर मात्र नाडी गोळीनेच कमी असते, तिच्यावरून श्रमाचा अंदाज बांधू नये.

चालतंफिरतं

भुसावळकर काकांशी सहमत. नाडी जमत नसेल तर बोलून बघणं हे सगळ्यात सोपं. चालताना पूर्ण वाक्य बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही, तो मध्यम वेग. दोन-तीन शब्दांतच दम लागला तर वेग जास्त झाला. घड्याळ नको, पट्टा नको.

घरी पायांची ताकद बघायची असेल तर भिंतीला टेकवून ठेवलेली, हात नसलेली खुर्ची घ्या. हात छातीवर दुमडून ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहून बसता येतं ते मोजा. ६० ते ६४ वयात बाईला १२ च्या आत आणि पुरुषाला १४ च्या आत आले तर ताकद कमी समजतात. तुम्ही त्याहून लहान आहात, जास्तच यायला हवेत. मग भिंतीजवळ एका पायावर १० सेकंद. पण ताई, तुम्ही हे धापेचं कारण कळल्यावरच करा. आत्ता नाही.

केळीबाग_रावेर

खुर्चीचं करून पाहिलं. वय ५१, आकडा १३. एका पायावर उजवीकडे ठीक, डावीकडे चार सेकंदांत तोल गेला. मला हे अपेक्षित नव्हतं. १६ लिटरचा फवारणी पंप पाठीवर घेऊन मी बांधाबांधाने फिरतो. मग हे कसं?

चालतंफिरतं

भाऊ, शेतातलं काम म्हणजे श्रम, आणि मोलाचे श्रम. पण ते एकाच पद्धतीचे असतात. कंबर वाकलेली, एका खांद्यावर भार, ठरलेले स्नायू तेवढे राबतात. केळीत हंगामाला दिवसभर काम आणि मधले दिवस मोटरसायकलवर, असंही असतं. डाव्या पायाला कधी मार लागला होता का?

केळीबाग_रावेर

हो. आठ वर्षांपूर्वी घोटा मुरगळला होता. चिंच-मीठ लावून बांधला होता, पुढे काही केलं नाही.

चालतंफिरतं

तिथेच उत्तर आहे. घोटा बरा झाला, पण तोल सांभाळायची त्याची सवय परत आणली गेली नाही. रोज दात घासताना त्या पायावर उभं राहा, एक हात भिंतीला. दीड-दोन महिन्यांनी पुन्हा मोजा.

साक्रीकर_आप्पा

आमना टाईमले कोनी व्यायाम करे नही, पन दिनभर पाय थांबेत नही. आते दिनभर खुर्चीवर. बेटा, तू धीरे धीरे चालजो. गडवरनी माय कोठे पयी जास नही.

बोरीकाठची

आप्पा, तुमचं वाक्य जावेला वाचून दाखवलं. तिने कपाळाला हात लावून गडाच्या दिशेने नमस्कार केला.

सातपुड्याची_आशा

मी नंदुरबार जिल्ह्यात आशा आहे. सगळं वाचलं. पैशांची अडचण असणाऱ्यांसाठी सांगते. ३० वर्षांवरच्या प्रत्येकाचा आम्ही 'सीबॅक' फॉर्म भरतो. त्यात वय, तंबाखू-दारू, कमरेचा घेर, व्यायाम, घरात कोणाला रक्तदाब, साखर, हृदयविकार, असं विचारतो आणि गुण देतो. चारच्या वर गुण आले तर त्या माणसाला आधी तपासायला आणतो. उपकेंद्रात रक्तदाब आणि साखर फुकट तपासतात. लोक येत नाहीत हेच दुःख आहे. "मला काही झालेलं नाही" म्हणतात. काही झालेलं नसतानाच यायचं असतं.

दुसरी गोष्ट आमच्या भागाची. पहाटे रस्त्याने पोलीस भरतीची पोरंपोरी पळताना दिसतात, पोरं १६०० मीटरसाठी, पोरी ८०० साठी. आदिवासी पट्ट्यात सिकलसेलचं, म्हणजे आईवडिलांकडून येणाऱ्या रक्ताच्या आजाराचं, प्रमाण जास्त आहे. एए म्हणजे दोष नसलेले. एसएस म्हणजे आजार असलेल्यांना बहुधा ठाऊक असतं. एएस म्हणजे वाहक, त्यांना एरवी काही त्रास नसतो, म्हणून कित्येकांना आयुष्यभर कळत नाही. वाहकाने पळू नये असं मुळीच नाही. पण उन्हात, पाणी न पिता, जीव तोडून एकाच दमात धावलं तर वाहकालाही गंभीर होऊ शकतं. स्नायू आखडतात, पाय लाकडासारखे होतात, पोरगं कोसळतं. सगळे म्हणतात ऊन लागलं. तेही असू शकतं, पण सिकलसेल कोणाच्या मनात येत नाही.

१ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशातल्या शहडोलहून सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू झालं, आमच्याकडे तपासणी चालू आहे. बोटाच्या टोकाचं थोडं रक्त लागतं, प्राथमिक चाचणीत संशय आला तर पुढची पक्की चाचणी होते. पळायला सुरुवात करण्याआधी प्रत्येक पोराने आपण एए, एएस की एसएस हे माहीत करून घ्यावं. मी माझ्या पाड्यावर भरतीच्या पोरांना आधी हेच विचारते, मग छाती किती फुगते ते.

बोरीकाठची ताई, तुमची धाप वाचून मला पहिली शंका रक्ताची येते. पापणी खाली ओढून आरशात बघा, आतून फिकी दिसते का? पाळीत जास्त जातं का? हिमोग्लोबिन जरूर करा.

पांझराकाठ

आशाताई, सिकलसेलची ही बाजू मला माहीतच नव्हती. माझा भाचा पिंपळनेरला भरतीची तयारी करतोय. आज त्याला फोन करतो.

गोडवा_कमी

मधुमेहींसाठी कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. पारोळा, वय ५६, साखर ११ वर्षांपासून. इन्सुलिन किंवा साखर उतरवणारी ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल तर रिकाम्या पोटी फिरायला जाणं धोक्याचं ठरू शकतं. मला एकदा पहाटे रस्त्यातच हातपाय थरथरायला लागले, समोरचं अंधुक झालं. दूधवाल्याने बसवलं, खिशात साखर होती म्हणून निभावलं. तेव्हापासून निघण्याआधी साखर मोजतो. ९० च्या आत असेल तर आधी काहीतरी खातो. २५० च्या वर असेल तर त्या दिवशी जोर लावत नाही, आणि सोबत मळमळ, पोटदुखी असेल तर थेट डॉक्टरकडे. खिशात नेहमी साखरेच्या पुड्या.

पायांचे तळवे रोज बघायचे. मुंग्या येत असतील, चप्पल पायातून निसटल्याचं कळत नसेल, तर लांब चालण्याआधी पाय तपासून घ्या. आणि अनवाणी पायी यात्रेचा नवस मधुमेह्याने करू नये, हे मी हात जोडून सांगतो. माझ्या चुलत्यांचा अंगठा अशाच एका फोडापायी गेला.

भरीत_पार्टी

केळं चालतं का हो फिरण्याआधी? जळगाव जिल्ह्यात राहून हा प्रश्न पडतोच.

गोडवा_कमी

साखर कमी असेल तर अर्धं केळं मला पुरतं. ज्याला मधुमेह नाही त्याने आनंदाने खावं. तुमचं कळण्याच्या भाकरीसोबतचं भरीत मात्र फिरून आल्यावर!

लळिंगची_सावली

मला वेगळ्या तयारीबद्दल बोलायचंय. शरीराची तयारी होती माझी, वय ३६, सगळे रिपोर्ट चांगले. तरी चार वेळा सुरू करून चार वेळा बंद पडलं. कारण सकाळी साडेपाच ते आठ या वेळेत घरात माझ्याशिवाय कोणी चूल पेटवत नव्हतं. रस्त्यावर एकटी पंजाबी ड्रेसात भरभर चालले की "कुठे निघाली?" विचारणारे पाच जण. बूट घेतले तर सासूबाईंना वाटलं खर्चिक थेरं.

पाचव्या वेळी मी आधी ही गणितं सोडवली. नवऱ्याला सांगितलं, सोम-बुध-शुक्र डबा तू. शेजारच्या दोघींना बरोबर घेतलं. मनाला विचारलं, पुढचे तीन महिने हे निभेल याची दहापैकी किती खात्री? अर्ध्या तासाला चार गुण आले. मग कमी करत आणलं, पंधरा मिनिटांना आठ आले. पंधरा मिनिटांनीच सुरू केलं. आता दोन वर्षं झाली. बाईने सुरू करण्याआधी आपल्या घराची तयारीही तपासावी, नाहीतर दोष नुसता तिच्या आळसावर जातो.

रूळावरचा_भुसावळकर

सावलीताई, हे आम्हा पुरुषांनी वाचायला हवं. माझ्या हिने नोकरीची तीस वर्षं पहाटे माझा डबा केला, तिला कधी कोणी विचारलं नाही तुझं काय. उद्यापासून सकाळचा चहा माझ्याकडे.

आणि उन्हाचं लक्षात ठेवा. भुसावळ-जळगावचा पारा मे महिन्यात ४५ च्या आसपास जातो, चैत्रातली यात्रासुद्धा थंडीत नसते. शरीराला ऊन अंगवळणी पडायला दहा ते चौदा दिवस लागतात. हिवाळ्यात पहाटे चालायची सवय केली म्हणजे चैत्रातलं दुपारचं चालणं जमेल असं नाही. घाम येत असो वा नसो, अंग फार तापलं, बोलणं असंबद्ध झालं, तर ती उष्माघाताची वेळ. सावलीत न्या, अंगावर पाणी ओता, वारा घाला, १०८ ला फोन करा.

केळीबाग_रावेर

साडेसहा आठवडे झाले म्हणून परत आलो. डावा पाय आता ११ सेकंद. खुर्ची १६. वडिलांना उपकेंद्रात नेलं, पहिल्यांदाच. रक्तदाब १६४/९२ निघाला. त्यांना काहीच होत नव्हतं. गोळी सुरू केली आहे. मी वर जे पहिलं लिहिलं होतं, "तपासणी कशाला", ते मागे घेतो. ताई, तुमचं काय झालं?

बोरीकाठची

उशिरा लिहितेय, माफ करा. आशाताई, तुमची शंका खरी निघाली. हिमोग्लोबिन ८.९. बाईला १२ च्या खाली म्हणजे कमी, मी तर नऊच्याही खाली. ईसीजी आणि हृदयाची सोनोग्राफी दोन्ही ठीक. मी खोलीबाहेर येऊन बाकावर बसले आणि रडले. इतकी वर्षं वडिलांसारखंच होणार असं धरून चालले होते.

पाळीत दोन वर्षांपासून जास्त जात होतं. वयाने होतं म्हणून मी कोणाला सांगितलं नव्हतं. सोनोग्राफीत गर्भाशयात छोटी गाठ दिसली, त्यावर औषध चालू आहे. लोहाच्या गोळ्या चालू आहेत, आणि त्या चहासोबत घ्यायच्या नाहीत हेही मला नव्यानेच कळलं. डॉक्टरांनी सुरुवातीला दहा मिनिटं सपाट रस्त्याने, वाक्य बोलता येईल अशा वेगाने चालायला सांगितलं. सावलीताईंचा दहा गुणांचा प्रश्न मीही मनाला विचारला, नऊ आले.

आज सहा आठवड्यांनी हिमोग्लोबिन १०.६. पंचवीस मिनिटं चालते, बोरीच्या पुलापर्यंत जाऊन येते. काल वह्यांचा गठ्ठा घेऊन दुसऱ्या मजल्यावर गेले आणि फळ्यापाशी पोचताच शिकवायला सुरुवात केली.

पांझराकाठ

वा ताई! मग चैत्राचं काय ठरलं?

बोरीकाठची

अमळनेरहून सगळी वाट या वर्षी नाही. डॉक्टर म्हणाले, रक्त भरून यायला आणि पायांना सवय व्हायला अजून वेळ द्या. मी नांदुरीपर्यंत एसटीने जाणार. जाऊ आणि तिच्या बायका तिथे पोचतील, तिथून गडाची चढण आम्ही बरोबर चढणार. पहाटे चारला निघायचं ठरलंय, ऊन चढायच्या आत वर पोचायला. पाण्याच्या दोन बाटल्या आणि मीठ-साखर माझ्याकडे आहे.